गाडी भरल्यावरच बंद पडते

भाजीपाला वाहणारा माणूस भाडं किलोमीटरवर लावतो, पण त्याला पैसे मिळतात ते वेळेचे. जुन्नर तालुक्यातला माल संध्याकाळी भरायचा, आळेफाट्यावरून ओतूर, मढ करत माळशेज उतरायचा आणि मुरबाड, कल्याण, शिळफाटा ओलांडून मध्यरात्रीनंतर वाशीच्या बाजार समितीत गाळ्यासमोर गाडी लावायची. अंधार असतानाच तिथे व्यवहार सुरू होतात. उजाडेपर्यंत मोठं गिऱ्हाईक माल भरून निघून गेलेलं असतं. कोथिंबिरीला शेकड्यामागे जो भाव पहिल्या तासात मिळतो तो नंतर मिळत नाही, आणि उन्हं वर आली की जुडी मान टाकते. उशिराचा फटका शेतकऱ्याच्या पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या हिशेबावर, उमटतो. गाडीचं भाडंही त्याच पट्टीतून कापलेलं असतं. तरी शेतकरी फारसं बोलत नाही. पुढच्या तोडणीला त्याचा फोन दुसऱ्या गाडीला जातो, एवढंच.

माझे वडील याच रस्त्यावर वीसेक वर्षं गाडी चालवत होते. त्यांची जुनी पिकअप काळा धूर सोडायची, थंडीत सुरू व्हायला वेळ घ्यायची, पण तिचं काय दुखतंय ते कळायचं. आमचे नारायणगावचे मिस्त्री इंजिनाचा आवाज ऐकून नोझल गेलं की पंप, हे सांगायचे आणि बहुतेक वेळा ते खरं निघायचं. मुख्य म्हणजे ते आधी वडिलांचं पूर्ण ऐकून घ्यायचे. कुठे बंद पडली, चढावर की उतारावर, गरम असताना की सकाळी, किती माल होता. हे सगळं विचारून झाल्याशिवाय त्यांनी पान्याला हात लावलेला मी पाहिला नाही. वडील पाचवी शिकलेले, पण आपल्या गाडीबद्दल त्यांना काय माहीत आहे याला त्या गॅरेजमध्ये किंमत होती.

जुन्या गाडीचं वय झालं, दरवर्षी फिटनेसला न्यावी लागू लागली, तेव्हा नवी घ्यायचं ठरलं. २०२२ च्या दिवाळीत ती दारात आली. साडेनऊ लाखांच्या आसपास किंमत, त्यातला मोठा हिस्सा कर्जाचा, तीन वर्षांची वॉरंटी.

या नव्या गाड्या आतून वेगळ्या आहेत. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ ची मानकं लागू झाली. बीएस-४ वरून आपण थेट सहावर आलो, पाचवी पायरी वगळून. डिझेलमधल्या गंधकाची मर्यादा दर दहा लाख भागांत ५० वरून १० वर आली. माळशेजच्या चढावर भरलेल्या ट्रकच्या मागे ज्याने मोटरसायकल चालवली आहे त्याला या बदलाची गरज पटवून द्यावी लागत नाही. मलाही ती पटते. पण धूर कमी करायचा म्हणजे काजळी कुठेतरी अडवायला हवी. त्यासाठी एक्झॉस्टच्या नळीत सिरॅमिकची गाळणी बसवलेली असते, डीपीएफ म्हणतात तिला. ती भरत आली की इंजिनाचा कॉम्प्युटर जादा डिझेल देऊन एक्झॉस्ट सहाशे अंशांच्या आसपास तापवतो आणि साठलेली काजळी जाळून टाकतो. गाळणी किती भरली हे त्याला कळतं ते मुख्यतः एका सेन्सरवरून. गाळणीच्या अलीकडचा दाब आणि पलीकडचा दाब यातला फरक तो सेन्सर मोजतो. फरक फार वाढला की कॉम्प्युटर इंजिनाची ताकद कापतो, म्हणजे पुढचं नुकसान टळावं. गाडी मग रांगते. वर्कशॉपच्या भाषेत हा लिंप मोड.

हे मी शिकलो ते गाडी घेतल्यावर काही महिन्यांनी. मढच्या पुढे रस्त्याचा एक उखडलेला पट्टा होता. तिथे पिवळा दिवा लागला आणि गाडीने दम सोडला. पाय तळापर्यंत दाबला तरी काटा चाळिशीच्या पुढे जाईना. मागे ट्रकची रांग, पुढे घाट. बाजूला घेतली, चावी काढली, थोडा वेळ थांबून पुन्हा सुरू केली तर जणू काही झालंच नव्हतं. पुढे असं वारंवार होऊ लागलं, आणि त्याची ठेवण माझ्या लक्षात आली. रिकाम्या गाडीला हे कधीच होत नव्हतं. गुळगुळीत रस्त्यावर होत नव्हतं. हौदा भरलेला, पाटे दबलेले आणि रस्ता खराब, हे तिन्ही जुळून आलं की व्हायचं. ज्याची रात्र त्या सीटवर जाते त्याला अशा गोष्टी अंगाला कळतात.

अधिकृत वर्कशॉप आमच्या गावापासून लांब, पुण्याच्या बाजूला. तिथे जाणं म्हणजे त्या दिवसाचं भाडं सोडणं. दारात सर्व्हिस ॲडव्हायजर टॅबलेट घेऊन उभा असतो. त्याला मी नीट सांगितलं, की गाडी भरल्यावरच बंद पडते, खराब रस्त्यावर, रिकामी असताना नाही. त्याने मान डोलावली, बोटं चालवली आणि सहीसाठी स्क्रीन पुढे केली. सहीच्या चौकोनापलीकडे त्या स्क्रीनवर काही दिसत नव्हतं. संध्याकाळी छापील जॉब कार्ड हातात आलं. ग्राहकाच्या तक्रारीच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘इंजिन लाइट तपासणे, जनरल चेकअप’. मी सांगितलेल्यातलं एक अक्षर त्यात नव्हतं.

तपासणी अशी झाली. स्कॅनर लावला, साठलेले कोड वाचले, पुसले. रिकामी गाडी नाशिक महामार्गावर एक चक्कर मारून आणली. गाडी छान पळाली, पळणारच होती. धुऊन पुसून माझ्या ताब्यात दिली. ‘सर, गाडी एकदम ओके आहे. डिलिव्हरीचा ओटीपी सांगा. आणि कंपनीतून फोन येईल, दहापैकी दहा द्या, नाहीतर माझा इन्सेंटिव्ह जातो.’ तो पोरगा वाईट नव्हता. दिवसभरात ठरलेल्या गाड्या आत घ्यायच्या, ठरलेल्या बाहेर काढायच्या आणि प्रत्येकीमागे दहापैकी दहा आणायचे, या चक्कीत तो होता. भरलेली गाडी, उखडलेला रस्ता असं काही लिहिलं असतं तर ते तपासायलाही लागलं असतं, आणि त्यात अर्धा दिवस गेला असता. ‘जनरल चेकअप’ लिहिलं की काम वेळेत संपतं.

पुढच्या खेपांना कारणं बदलत गेली. एकदा सांगितलं, तुमच्याकडचं डिझेल खराब आहे. मी एकाच पंपाच्या पावत्या दाखवल्या, त्याच पंपावर भरणाऱ्या गावातल्या इतर गाड्या सांगितल्या. मग सांगितलं, तुम्ही गाडी हळू चालवता, बाजारात रांगेत इंजिन सुरू ठेवता, त्याने काजळी साठते. हे ऐकायला बरोबर वाटतं, आणि शहरात छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाड्यांना हा त्रास होतोही. पण माझी गाडी रात्री न थांबता वाशीपर्यंत पळते. गाळणी जळून साफ व्हायला जो सलग वेग लागतो तो तिला रोज मिळतो. शिवाय भरलेली गाळणी रिकाम्या गाडीतही भरलेलीच राहते, परतीच्या वाटेवर ती आपोआप मोकळी होत नाही. हे मी म्हणालो तेव्हा समोरच्याने ऐकून घेतलं आणि जॉब कार्डवर ‘ड्रायव्हिंगबाबत ग्राहकास मार्गदर्शन केले’ असं लिहिलं. ते कागदावर वाचून मला जितका राग आला तितका घाटात अडकल्यावरही आला नव्हता. वडिलांना मी तो कागद दाखवला नाही.

मग सेन्सर बदलला. तो यायलाच कितीतरी दिवस लागले आणि तोवर गाडी त्यांच्या आवारात उभी. बदली गाडी मिळत नाही. बाहेरच्या मिस्त्रीने हात लावला तर वॉरंटी जाईल, हे मात्र प्रत्येक वेळी बजावून सांगतात. कर्जाचा हप्ता वर्कशॉपमधले दिवस मोजत नाही, तो ठरल्या तारखेला खात्यातून जातो, आणि खात्यात नसला तर दंडासकट जातो. गाडीच कमावते आणि गाडीच उभी, अशा वेळी घरातली माणसं एकमेकांशी कमी बोलू लागतात. नव्या सेन्सरने काही दिवस बरे गेले. मग पुन्हा तोच पिवळा दिवा, पुन्हा भरलेल्या गाडीत.

तिथल्या एका तरुण मेकॅनिकचं मला आजही कौतुक आहे. आयटीआय करून आलेला, हाताला चांगला. गाडीखालून बाहेर येत तो म्हणाला, ‘दादा, एकदा भरूनच आणा ना.’ ॲडव्हायजरने तिथल्या तिथे नाही म्हणून सांगितलं, लोड असलेली गाडी आत घ्यायची नाही असा नियम आहे. माल वाहण्यासाठी बनवलेल्या गाडीची तपासणी तिच्यात माल असताना करायचीच नाही, असा हा नियम. त्यावर मेकॅनिक गप्प बसला. खरं काय ते त्याला कळलं होतं, पण नोंद करण्याचा अधिकार दुसऱ्याकडे होता.

२०२३ चा जुलै आमच्या भागात कुणी विसरणार नाही. त्याच उन्हाळ्यात टोमॅटोचा भाव इतका पडला होता की तोडणीची मजुरीही निघत नव्हती. पावसाळ्यात तो असा चढला की नारायणगावच्या बाजारात वीस किलोच्या कॅरेटला दोन हजारांवर भाव निघाला. ज्यांनी उन्हाळ्याचा तोटा सोसूनही बाग टिकवली होती त्यांच्या हातात पहिल्यांदा पैसा दिसत होता. ओतूरजवळच्या एका वहिनींचा माल माझ्याकडे असायचा. नवरा गेल्यावर शेती त्या एकट्या बघतात. वडिलांच्या काळापासून त्यांच्या घरचा माल आमच्याच गाडीत. त्या जुलैतल्या एका रात्री त्यांचे सत्तरेक कॅरेट भरले. एका पिकअपच्या हौद्यात दीड लाखाच्या घरातला माल, तोही टोमॅटो, हे त्याआधी मी कधी पाहिलं नव्हतं.

घाट उतरून टोकावड्याच्या अलीकडे गाडीने दम सोडला. या वेळी चावी फिरवून, थांबून, काही केल्या ती पूर्ववत झाली नाही. पाऊस कोसळत होता. ओळखीच्या दुसऱ्या पिकअपवाल्याला उठवलं, तो येईपर्यंत ताडपत्रीच्या कडा धरून बसलो. मग दोन्ही गाड्यांचे फाळके जोडून अंधारात एकेक कॅरेट पलीकडे सरकवलं. वहिनींचा फोन आला. ‘भाऊ, माल भिजला का?’ एवढंच त्यांनी विचारलं. माल भिजला नव्हता. तेजी इतकी होती की उशिरा पोचूनही तो विकला गेला, पण बाकीच्यांच्या पट्टीपेक्षा त्यांची पट्टी कमी आली. फरकाचे पैसे द्यायला मी गेलो तर त्यांनी घेतले नाहीत. पुढच्या तोडणीला दुसरी गाडी आली. त्यांनी बरोबर केलं. दोन मुलांच्या शिक्षणाचा पैसा त्या हौद्यात असताना कुणीही तेच करावं. पण वडिलांनी वीस वर्षांत जोडलेलं एक घर माझ्या हातून सुटलं. हे नुकसान कुठल्या बिलात लिहायचं, हे मला कळलं नाही.

त्यानंतर पुण्याच्या एका वकिलांकडे गेलो. त्यांनी जॉब कार्डांचा गठ्ठा शांतपणे चाळला आणि विचारलं, ‘तुम्ही मला जे सांगताय ते यात कुठे आहे?’ कुठेच नव्हतं. कागद वाचले तर असंच दिसायचं की एक शंकेखोर ग्राहक चांगली गाडी घेऊन पुन्हा पुन्हा चेकअपला येतो, आणि कंपनी सौजन्याने दर वेळी ती धुऊन परत देते. तेव्हापासून मी तक्रार घरूनच स्वतःच्या हाताने लिहून न्यायला लागलो. तारीख, ठिकाण, किती माल होता, रस्ता कसा होता, वेग किती होता, दिवा लागल्याचा फोटो. पोच द्यायला ॲडव्हायजर नाही म्हणाला, तेव्हा तेच पत्र त्याच दिवशी ईमेलने आणि रजिस्टर पोस्टाने डीलरला आणि कंपनीला, दोघांनाही पाठवलं.

मग वकिलांनी नोटीस पाठवली. तिला उत्तर आलं ते अपेक्षित होतं. गाडी व्यावसायिक आहे, त्यामुळे तुम्ही ग्राहक नाही, असं त्यात होतं. कितीतरी गाडीवाले इथेच थांबतात, म्हणून हे नीट सांगतो. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू आहे. व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू तो वगळतो, पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच घेतलेली वस्तू व्यापारी कारणात धरत नाही. जुन्या कायद्यातही हे होतं. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात तर रिक्षावाल्याचं आणि स्वतः ट्रक चालवणाऱ्याचंच उदाहरण दिलं आहे, की अशी माणसं ग्राहक ठरतात, मदतीला एखाददुसरा माणूस ठेवला तरीही. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. पाच ते दहा लाखांच्या वस्तूला शुल्क २०० रुपये. तेवढे तर मी एका फेरीत चहा-नाश्ता आणि टोलवर घालवतो.

दावा दाखल व्हायच्या आधीच कंपनीचा एक इंजिनिअर आला. मी एकच अट घातली, गाडी भरून तपासायची. त्याने आढेवेढे घेतले नाहीत. आळ्याजवळच्या भट्टीवरून विटा भरल्या, काटा केला, आणि मढच्या रस्त्याला लागलो. तो शेजारी बसला, मांडीवर लॅपटॉप, त्यावर दाबाची रेघ सरकत होती. बराच वेळ ती सरळ चालली. उखडलेला पट्टा आला, गाडी दोन-तीनदा आदळली, आणि रेघ एकदम वर टोकाला गेली, तळाला आली, पुन्हा वर गेली. मागोमाग पिवळा दिवा. ‘थांबा,’ तो म्हणाला. कुठलीही गाळणी एका सेकंदात भरून रिकामी होत नाही, हे त्याला सांगावं लागलं नाही. रस्त्याच्या कडेला, चिखलात, तो स्वतः गाडीखाली शिरला. सेन्सरकडे जाणारी वायरिंगची जुडी एका पट्टीजवळून जात होती, आणि तिथली क्लिप तिला जरुरीपेक्षा ताणून धरत होती. हौदा भरला, मागचा भाग दबला की जुडी पट्टीच्या धारेवर टेकायची आणि खड्ड्यात घासायची. वरचं आवरण झिजून तांबं उघडं पडलं होतं. सेन्सर चांगला होता, गाळणी चांगली होती, डिझेल चांगलं होतं, माझं चालवणंही चांगलं होतं.

मी विचारलं, हे आधी कुणी का पाहिलं नाही? त्याने मोकळेपणाने सांगितलं, ‘आमच्याकडे आलेल्या एकाही जॉब कार्डवर लोडचा उल्लेख नाही.’

वायरिंगचा तो तुकडा बदलला, वर जाड आवरण घातलं, क्लिप सरकवून बसवली. तेव्हापासून गाडी नीट चालते आहे. पण तो वाक्यभर खुलासा माझ्या डोक्यातून जात नाही, कारण तो माझ्या एका गाडीपुरता नाही. ती क्लिप कारखान्यातच तशी बसली असेल तर त्याच साच्यातल्या किती गाड्यांत ती तशीच असेल? २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात ११० अ हे कलम आलं आहे. एखाद्या प्रकारच्या गाडीतला दोष चालकाला किंवा रस्त्यावरच्या इतरांना धोक्याचा असेल आणि ठरावीक प्रमाणात मालकांनी तो कळवला, तर केंद्र सरकार कंपनीला त्या गाड्या परत बोलवायला सांगू शकतं. घाटात मागे ट्रक असताना अचानक ताकद जाणं धोक्याचं नाही तर काय? पण मालकाचं म्हणणं पहिल्याच टेबलावर ‘जनरल चेकअप’ होऊन जात असेल, तर दोष कुणाच्या मोजणीत येणार? कायदा दिल्लीत होतो, पण तो चालायचा तर त्या टॅबलेटवरच्या एका रकान्यातून चालायला हवा. ग्राहकाची तक्रार ग्राहकाच्याच शब्दांत, त्याला वाचून दाखवून, सहीआधी छापून द्यायची सक्ती करायला फार खर्च येत नाही. मला ही सक्ती हवी आहे, माझ्यासाठी आणि त्या मेकॅनिकसाठीही. त्याला जे दिसतं ते लिहिता आलं पाहिजे.

बुडालेल्या भाड्याचा दावा पुणे जिल्हा आयोगापुढे आहे. समोरचे अजून मी ग्राहक नसल्याचंच म्हणताहेत. वडील प्रत्येक तारखेला विचारतात, आज काय झालं, आणि तारीख पुढे गेली म्हटलं की काही न बोलता गाडीच्या ताडपत्रीच्या गाठी तपासायला जातात.

मध्यंतरी गावातल्या एका मुलाला पिकअप घ्यायची होती. त्याच्याबरोबर मी शोरूममध्ये गेलो. किमतीचं, हप्त्याचं बोलून झाल्यावर आम्ही सेल्समनला विचारलं की बिघाड झाला तर भरलेली गाडी तपासून देणार का, आणि तसं बुकिंगच्या कागदावर लिहून देणार का. तो आत जाऊन मॅनेजरला घेऊन आला. मॅनेजर म्हणाले, असं लिहून द्यायची पद्धत नाही, वरती विचारून सांगतो. त्या मुलाने बुकिंगची रक्कम खिशातच ठेवली. आता पुढच्या आठवड्यात आम्ही दुसऱ्या कंपनीच्या शोरूमला जाणार आहोत, हाच प्रश्न घेऊन.